नमुना क्रमांक त्रेचाळीस

चोडणच्या धक्क्यावर फेरीवरचा खलाशी
माझ्या निळ्या पेटीकडे बघून विचारतो,
"कितें गो, बांगडे?"
पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं.
तो चार पावलं मागे सरला.
दुसऱ्या दिवसापासून बांगडेच.

पेटीत बर्फ, बर्फात घट्ट झाकणाच्या डब्या,
डब्यांवर आकडे. नावं माझ्या वहीत.
बांबोळीच्या डॉक्टरांना हवीत
बेटावरची पन्नास निरोगी माणसं.
तीन महिन्यांत अँटिबायोटिक नको, हगवण नको,
वय कितीही, वजन कितीही.

वजन कितीही.
हे दोन शब्द मी पुन्हा वाचले.

रिआन, पाच महिने, अंगावर पिणारा.
त्याच्या आतड्यात अजून
एकाच जमातीची मोजकी घरं:
दुधावर जगणारे, दुधासाठीच आलेले.
पुढच्या महिन्यात त्याला पेजेची निवळ मिळेल,
मग येतील बाकीचे,
आमंत्रणाची वाट न बघता.

त्याची पणजी आपोलीना, वय एक्याण्णव.
काट्यावर चढताना चपला काढत नाही.
"त्यो म्हज्योच न्हू?"
चपलांसकट अडतीस किलो.
डबी मात्र तिने रुमालात गुंडाळून दिली,
वर अबोलीचा वळेसर ठेवून,
म्हणाली, रिकामी वस्तू कुणाच्या हाती देऊ नये.
आपोलीनाबाय, रिकामी कुठे आहे ती?
चमचाभरात
अख्ख्या गोव्यात नाहीत एवढे जीव.

अहवाल आला तेव्हा शोधलं मी:
रिआनच्या दुधाळ भाऊबंदांपैकी
तिच्यात थोडे उरलेत,
गाव सोडून गेलेल्यांच्या मागे
दिवा लावायला कुणी थांबावं तसे.
बाकी सगळी वस्ती नवी,
आणि ती अजून रोज सकाळी
कालची कडी आटवून
उंड्याच्या कडेने कुंडलं पुसते.

पोदेराचा पुतण्या मिंगेल, एकशे चार किलो.
साखर ठीक, दाब ठीक, पहाटे चारला सायकल.
पावलू पार्सेकार, एकावन्न किलो,
बायको शालिनी, एकोणऐंशी,
तेहतीस वर्षं एकाच हुमणाचे धनी.
डॉक्टर म्हणाले, जाडे इकडे येतील, बारीक तिकडे,
मधून आपण रेघ ओढू.
रेघ ओढली. ती निघाली
मांडवीच्या काठासारखी.
काही जमाती वजनाबरोबर वाढत होत्या, खरं आहे,
काही घटत होत्या,
पण पावलू आणि शालिनी
पडद्यावर शेजारी शेजारी येऊन बसले,
जेवायला बसतात तसे.
डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

या सगळ्याआधीची एक गोष्ट राहिली.
त्रेचाळीस नंबरची दाढ सुजली,
म्हापशाहून गोळ्या आणल्या तिने,
नमुना बाद.
डॉक्टरांनी फोनवर विचारलं,
"तू चोडणचीच ना, सुलक्षा?"

शाळेत मला बॉयलर म्हणायचे.
लग्नं जमली नाहीत त्यातली दोन
काट्यावरच मोडली.
आई अजून माझ्या ताटातला भात
डोळ्यांनी मोजते.
मी, वय चौतीस, शहाऐंशी किलो,
दारं लावून, खिडकी लावून
बेचाळीस माणसांना दिलेल्या सूचना
स्वतःला वाचून दाखवल्या.
मग अर्ज.
वय भरलं. वजन भरलं, चपला काढून.
खाली एक चौकोन: निरोगी.
बेचाळीसदा सहज मारलेली खूण.
पेन थांबलं.
बाहेर कोंबडं ओरडत होतं,
पोटात माझं अनोळखी गाव
कालची सोलकढी वाटून घेत होतं,
त्यांना कुणी माझं वजन सांगितलं नव्हतं.

खूण केली.

फेरी सुटली. पेटी पायांशी.
"बांगडे?"
हो म्हटलं.
"कशे दिले?"
आज विकायचे नाहीत, म्हटलं,
आणि झाकण नीट लागलंय ना
ते पुन्हा एकदा बघितलं.